मधली ओळ

धनज, ता. कारंजा, जि. वाशिम
कार्तिक वद्य

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, आपलं घर आपण आपलं बांधू, शेजाऱ्यांना कशाला गुंतवायचं. माय जवळच बसली होती म्हणून मी बोललो नाही. आज दुसरी वेचणी आटोपली, हाताला जरा उसंत आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

पश्चिमेची भिंत पडली त्या रात्री तू इथे नव्हतास. श्रावण होता. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांनी आठ दिवस आधी घरासाठी पाया खोदायला घेतला होता. त्यांनी सगळं स्वतःच्या जागेत खोदलं, एक बोटसुद्धा इकडे सरकले नाहीत. पण आपली ती जुनी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मधे मातीची भर, आणि तिचा पाया त्यांच्या खड्ड्याच्या तळापेक्षा दोन फूट वरच संपत होता. खड्ड्यात पाणी साचलं, काळी माती लोण्यासारखी झाली आणि रात्री दोनच्या सुमाराला भिंत बसली. माय पाच मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला उठून सपरीत आली होती. ते घरच्यांसकट धावत आले, पहाटेपर्यंत आमच्यासोबत दगड उचलले. नंतर त्यांनी तो पाया बुजवून टाकला आणि आज सात वर्षं टिनाखाली दिवस काढतायत. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुष्कळ विचार केल्यावर एवढंच हाती लागलं, की चूक कुणी हद्द ओलांडल्याची नव्हती. न विचारता, न सांगता, एकट्यानं खोदल्याची होती. हद्द कागदावर वेगळी असली तरी खालची माती आपली, त्यांची आणि पूर्वेकडच्या काकांची, तिघांची एकच आहे.

तू बेलापूरच्या वसाहतीचं उदाहरण दिलंस, आणि ते बिनतोड आहे हे मान्य करतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान तिथे ती घरं उभी केली तेव्हा कुणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही. गरिबाला पैसा हाती येईल तसं घर वाढवता यावं आणि त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागायला लागू नये, हा हेतू. सात-सात घरं एका अंगणाभोवती, प्रत्येकाची जागा ४५ ते ७५ चौरस मीटर. लोकांनी पुढे ती घरं वाढवली, कित्येकांनी पाडून मोठी बांधली, ते त्या मोकळिकीमुळेच जमलं. मला हा विचार फार आवडतो. पण ती वसाहत कोऱ्या जमिनीवर आखली होती. आपली जागा गावठाणातली, सोळा फूट रुंद आणि साठ फूट लांब, आणि दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत. दोन्हीकडे दोन-दोन फूट सोडले तर राहतात बारा फूट, त्यातून भिंतींची जाडी गेली की खोलीत खाट टाकून माणसाला वळता येत नाही. सोडलेल्या त्या बोळीत ऊन पोचत नाही, झाडू पोचत नाही. पाणी मात्र पोचतं, आणि ते थेट पायात उतरतं.

आता मिस्त्रींचं म्हणणं ऐक. कारंज्याच्या इंजिनिअरनंही तेच सांगितलं. आपल्याकडे काळी माती पाच फुटांपर्यंत आहे, खाली मुरूम लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर हलवते, म्हणून पाया मुरमावरच टेकला पाहिजे. कॉलमखालची जाळी चार फूट बाय चार फूट. कॉलम हद्दीला चिकटून उभा करायचा तर अर्धी जाळी शेजाऱ्याच्या जागेत जाते. तिथे जायचं नाही म्हटलं तर सगळा भार जाळीच्या एका कडेवर येतो, मग ती आतल्या कॉलमला बीमनं बांधावी लागते, लोहा वाढतो, खर्च वाढतो. पलीकडचाही तेच करणार. म्हणजे एका रेषेवर दोन जाळ्या, दोन कॉलम, दोन भिंती. तिघांनी मिळून काम काढलं तर दोन्ही मधल्या ओळींवर एकेकच जाळी, एकच कॉलम, आणि एकच नऊ इंची भिंत. खर्च निम्मा-निम्मा. शिवाय खड्डे एकाच आठवड्यात खोदून भरले जातात, कुणाच्या उघड्या पायाशेजारी कुणाचं घर रात्रभर लटकत नाही.

अडचण पैशाच्या वेळेची आहे. पूर्वेकडच्या काकांचं नाव घरकुलाच्या यादीत लागलंय. सपाट भागासाठी एक लाख वीस हजार, तेही हप्त्यानं. काम पुढे सरकल्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी वेगळी. म्हणजे आपण घाई केली तर त्यांचा हप्ता मागे राहतो, ते थांबले तर आपली सेंट्रिंग ताटकळते. म्हणून मी कामाचा क्रम त्यांच्या हप्त्यांवर बसवला आहे. आणि एक गोष्ट तुला न विचारता कबूल केली, त्याबद्दल रागावू नकोस. उद्या दुसरा मजला चढवायची इच्छा आपली आहे, त्यांची नाही. तेव्हा पाया दुमजली धरल्यामुळे जो जास्तीचा लोहा आणि सिमेंट लागेल तो आपण भरायचा. काका ऐकून बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "भित दोघायची हाय, मंग माह्या वाट्याची मजुरी त मी देईनच." ते आणि त्यांचा मुलगा आपल्याही पायावर राबणार आहेत.

जोतं तिघांचं एकाच उंचीचं, आजच्या रस्त्यापासून तीन फूट. सिमेंटचा रस्ता दर खेपेला जुन्यावरच चढतो, आणि गावात कितीतरी उंबरठे आता रस्त्याखाली गेलेत. तिन्ही स्लॅबचा उतार पुढच्या नालीकडे. भर मुरमाची, खोदलेली काळी माती परत आत टाकायची नाही, ती शेतात न्यायची. आपलं घर मधलं, म्हणून दोन्ही बाजूंना ऊन लागणार नाही. आपल्या उन्हाळ्यात हे केवढं सुख, ते तुला सांगायला नको. पण उजेड पुढून आणि मागूनच येणार. म्हणून मधे सहा फुटांचा उघडा चौक ठेवायचा, आणि शेजारच्यांचे चौकही त्याच रेषेत. बाजूच्या भिंतीत झरोका कुणीच ठेवायचा नाही. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा म्हणतो की वीस वर्षं बिनहरकत उजेड घेतला की तो हक्क होतो. आज प्रेमानं ठेवलेला झरोका नातवंडांना कोर्टात नेऊ शकतो.

हे सगळं मुद्रांकावर लिहून घेऊ. मधल्या ओळीतला कॉलम कुणी तोडायचा नाही, वरचा मजला चढवण्याआधी दुसऱ्याला दाखवायचं, भिंत ओल धरली तर दुरुस्ती अर्धी-अर्धी. तुझ्या बेलापुरातली मोकळीक आपल्याला जमिनीवर मिळत नाही, ती कागदावर मिळवू. नमुना आठचे उतारे तिघांचे काढलेत. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजतात, मिळकत पत्रिका देतात, ते चांगलंच आहे. पण ड्रोनला वरून छत दिसतं. जुन्या दोन फुटी भिंतीच्या पोटात हद्द कुठून जाते, ते आम्ही तिघांनी उभं राहून ठरवलं आणि चुन्यानं आखलं. पूर्वेकडे आपले चार इंच गेले, पश्चिमेकडे तीन आले. मी सही केली आहे.

राहिला एक प्रश्न, तो तुझ्यावर सोडतो. पूर्वेच्या भिंतीत मायच्या चुलीजवळ तो चौकोनी कोनाडा आहे, आरपार. त्यातून ताक यायचं, विस्तव जायचा, तुझ्या बारशाला काकूनं घुगऱ्या तिथूनच दिल्या. आता काकू म्हणते, नव्या भिंतीतही ठेवा. झरोका नको म्हणून कागदात लिहिणारा मीच. इंजिनिअर म्हणतो, कॉलमपासून दूर, बीमच्या खाली, एक वीट रुंद ठेवला तर भिंतीला धोका नाही. दोन्हीकडून लाकडी झडप लावता येईल, आणि ती दोघांच्या संमतीनं ठेवली आहे असं कागदातच लिहिता येईल.

स्लॅब मृगाच्या आधी पडायचा तर पौषातच खोदाई लागली पाहिजे. मिस्त्री पुढच्या शनिवारी दोरी ताणायला येतायत. तू शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघ, आधार कार्ड आणि दोन फोटो आण, सही तुझीही लागेल. मायला तुझ्या खोलीचं दार कुठे हवं ते विचारायचंय.

तुझा,
दादा