तोरणमाळ : एका दिवसात काय पाहावे?

घरातील ज्येष्ठांना घेऊन आपण शहाद्याहून तोरणमाळास निघाल, तेव्हा एक निर्णय घरीच घ्यावा : वर गेल्यावर सगळेच पाहायचे नाही. अंतर सुमारे ५५ किलोमीटरच. परंतु घाटाची वळणे मळमळ आणतात आणि ११०० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचेपर्यंत थकवा आलेला असतो. आहार हलका ठेवावा, नेहमीच्या गोळ्या मात्र चुकवू नयेत.

मच्छिंद्रनाथांच्या गुहेसाठी पायऱ्या आहेत. उतरताना गुडघ्यांची आणि परतताना दमाची परीक्षा होते. सीताखाईची दरी पावसाळ्यानंतर अपूर्व दिसते, पण तोल जाणाऱ्यांनी कड्यापासून दूरच थांबावे. माझी पसंती यशवंत तलावाला. काठी टेकत काठाने थोडे चालावे, सावलीत निवांत बसावे.

आजोबांना मात्र गुहेचीच ओढ असेल तर? नाथांवर श्रद्धा असणाऱ्याला तलाव पुरा पडत नाही. आधी त्यांनाच विचारावे, आणि मग तो दिवस केवळ गुहेसाठी राखावा. मोठ्या उपचारांची सोय खाली शहादा-नंदुरबारलाच, म्हणून अंधारापूर्वी घाट उतरावा. गुडघे अगदीच साथ देत नसतील, तर तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा गाठावे. तिथे घाट चढावा लागत नाही आणि केदारेश्वराचे दर्शनही घडते.