अण्णांच्या कानाशी आलेला टीव्ही

भिवंडीत टीव्हीचा आवाज घरातली माणसं ठरवत नाहीत, तो शेजारचा कारखाना ठरवतो. कामतघरला आमच्या इमारतीच्या पाठीमागे पत्र्याच्या शेडमध्ये माग आहेत. ते चालू असले की टीव्हीचा आकडा तिसाच्या पुढे. आमच्याकडचे माग शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी तोच टीव्ही अठरावर ठेवला तरी पुरतो. पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्या रात्री विचारतात, ‘बाहेर पाऊस लागलाय का?’ आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. म्हणजे येतो, पण लक्षात येतो तो थांबल्यावर.

अण्णांची गोष्ट याहून वेगळी. अण्णा म्हणजे माझे वडील, मुंबईला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, लांबत गेला, आणि गिरणगावातली कितीतरी घरं उठली. कापडाचं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. गिरण्यांनी भंगारात काढलेले साचेही इकडे येऊन पुन्हा चालू झाले. त्यांच्यामागोमाग अण्णा आले आणि जॉबर म्हणून लागले. एखादा माग बिघडला की त्याच्यावर वाकून, कान लावून दोष शोधायचा हे त्यांचं काम. धोटा या टोकाचा त्या टोकाला भिरकावण्यासाठी मिनिटाला शंभरावर फटके बसतात. असे पंचवीस-तीस माग एका शेडमध्ये, डोक्यावर पत्रा, खिडक्या बंद. वाऱ्याने सूत तुटतं, म्हणून खिडक्या उघडायच्या नाहीत. आपल्या कारखाना-नियमांत कामगाराने 90 डेसिबल आवाजात आठ तास आणि 100 डेसिबलमध्ये दोनच तास राहावं असं लिहिलंय. मागाच्या शेडमधला आवाज नव्वदीच्या पुढेच असतो, आणि पाळी बारा तासांची.

त्याचा हिशेब कानांनी चुकता केला. मोठ्या आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीतला, 4000 हर्ट्झच्या आसपासचा भाग. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात. ‘आ’, ‘ओ’ नीट ऐकू येतात. स, श, त, ठ, फ, क ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतली आणि मुळातच अशक्त. त्यामुळे अशा माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अण्णांना सात, साठ आणि आठ हे तिन्ही आकडे एकच. क्रिकेट लागलं की ‘किती झाल्या?’ हा प्रश्न दर षटकाला. आम्ही आवाज वाढवला की ते वैतागायचे, ‘अरे, ओरडतोय तो, पण बोलत नाहीये.’ मला वाटतं कानाच्या डॉक्टरनेही याहून नेमकं वर्णन केलं नसतं.

यावर त्यांनी एक उपाय फार आधी शोधला होता. शेडमध्ये एकमेकांशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायकांनी ओठ मोठमोठे हलवून बोलायची एक रीतच बसवली होती. आपल्याकडच्या साचेखात्यातही तेच चाले, फक्त कोणी तिला नाव दिलं नाही. अण्णा अजूनही समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. नव्या सुनेला सुरुवातीला ते फार विचित्र वाटलं होतं. म्हणूनच टीव्हीवर बातम्या देणारी बाई त्यांना कळते, कारण ती समोर तोंड करून बोलते. मालिकेतली माणसं पाठमोरी बोलू लागली की गेलं. आणि दक्षिणेतले हिंदीत डब केलेले सिनेमे म्हणजे त्यांच्या दृष्टीने फसवणूकच, ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच.

जुन्या डबा टीव्हीवर हे सगळं निभत होतं, कारण त्याचा स्पीकर पडद्याच्या शेजारी, थेट आपल्याकडे तोंड करून असे. दोन वर्षांपूर्वी 43 इंची सपाट टीव्ही आला आणि भिंतीवर चढला. चित्र झकास. आवाज मात्र खालच्या कडेतून, जमिनीकडे तोंड करून येतो. पाठीला पोट लागलेल्या त्या पातळ पेटीत मोठा स्पीकर बसवायला जागाच नाही, आणि कडा बारीक दिसाव्यात म्हणून समोरची जागाही गेली. आमच्याकडे टीव्हीखाली शोकेस आहे. आवाज आधी तिच्यावर आदळतो, काचा किंचित थरथरतात, आणि उरलंसुरलं अण्णांकडे पोचतं. नेमकी वरची पट्टी, म्हणजे व्यंजनं, वाटेत सांडतात. जी अण्णांच्या कानांत आधीच कमी, ती टीव्हीनेही कमी केली.

दुकानात गेलो तर साउंडबार दाखवला. किंमत साताठ हजारांच्या पुढे, आणि दाखवायला लावलेलं गाणं ढोलाचं. ढोल छान वाजला. मला बाईचं बोलणं ऐकायचं होतं, पण ते ऐकवायला दुकानदार काही तयार होईना. मुलगा म्हणाला, बाबा, ब्लूटूथ स्पीकर घेऊ, वायरीची भानगड नको. त्याच्या मित्राचा आणून लावला. माझ्या कानाला बरा वाटला, पण अण्णांनी मिनिटभरात मान हलवली. ब्लूटूथमध्ये आवाज आवळून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, यात साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद जातात. काही टीव्हींत हा फरक जुळवायची सोय असते, आमच्या टीव्हीत नाही. गाणं ऐकणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. ओठ वाचणाऱ्याला सगळी बातमीवाली बाईच डब केल्यासारखी दिसते.

मग माळ्यावरचे जुने स्पीकर आठवले. पहिला संगणक घेतला तेव्हा त्याच्यासोबत आलेली ती मळक्या पांढऱ्या रंगाची जोडी. तेव्हाही मी ती अधूनमधून डबा टीव्हीला लावत असे, आणि ते चालायचं याला कारण होतं. साधा स्पीकर जुन्या टीव्हीजवळ ठेवला की त्याच्या चुंबकाने पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडत. संगणकाचे स्पीकर मॉनिटरला चिकटूनच ठेवायचे असत, म्हणून त्यांचं चुंबक झाकलेलं असे. आता सपाट पडद्याला चुंबकाचं भय नाही. जोडी खाली काढली, पुसली, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात पिन घातली. बटण फिरवताना खरखर आणि एका बाजूला घोंघावणं, पण त्यातूनही निवेदिकेचा ‘स’ ऐकू आला. अण्णा म्हणाले, ‘ही आज नीट बोलतेय.’ पुढे काय करायचं ते तिथेच ठरलं.

नवी जोडी ऑनलाइन मागवली, यूएसबीवर चालणारी, हजाराच्या आतली. (मागवलेला माल कुठवर आला हे फोनवर बघितलं तर ‘भिवंडी’. मानकोली, दापोडे, राहनाळ हा सगळा गोदामांचा पट्टा आमच्या उशाशी. म्हणजे वस्तू आमच्या गावातच होती, तरी दारात यायला तिने आपला वेळ घेतलाच.) खोक्यावर वॅटचा जो आकडा छापलेला असतो त्याकडे बघूच नये. साध्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टला अर्धा अँपियर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. आत जाणारी वीजच अडीच वॅट, तर बाहेर येणारा आवाज शंभर वॅटचा कुठून येईल? पूर्वी पीएमपीओ म्हणून हजार-हजार वॅट लिहीत, ते तर निव्वळ थाप. बोलणं ऐकायला दोन वॅट रग्गड होतात.

यातली खरी गोम वॅटात नाही, अंतरात आहे. मोकळ्या जागी आवाजाचं अंतर निम्मं केलं की तो 6 डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे एवढा वाढत नाही, पण वाढतो हे नक्की. मागांचा आवाज खिडकीतून येतो, तो आहे तेवढाच राहतो. मग टीव्ही ओरडवण्यापेक्षा स्पीकरच अण्णांजवळ का नेऊ नये? पाच मीटरची ऑक्स वायर घेतली, दोनेकशे रुपयांची. भिंतीच्या कडेने नेऊन अण्णांच्या आरामखुर्चीपर्यंत आणली. एक स्पीकर डावीकडच्या स्टुलावर, दुसरा उजवीकडे खिडकीच्या कट्ट्यावर, दोन्हींची तोंडं कानाच्या उंचीला आणि थोडी आत वळवलेली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन खालची पट्टी उतरवली, वरची जरा चढवली.

पहिल्या संध्याकाळी एक अडचण आली. स्पीकरची यूएसबी टीव्हीच्याच पोर्टला लावली होती, तर चित्र बदललं की मागून बारीक किरकिर. ती काढून मोबाइलच्या चार्जरला लावली, किरकिर गेली. टीव्हीची वीज आणि टीव्हीचाच आवाज एकाच पेटीतून घेतले की असं होतं.

त्यानंतर अण्णांनी मॅच लावली. समालोचक म्हणाला सदुसष्ट, अण्णा म्हणाले, ‘सदुसष्टला तीन.’ पडद्यावरचा आकडा बघून बोलले असतील म्हणून मी मुद्दाम रिमोटने स्क्रीन बंद केली. मधल्या जाहिरातींत एका साबणाची किंमत आली, तीही त्यांनी बरोबर सांगितली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘मामंजी, टीव्ही बंद आहे का? आत काही ऐकू येत नाही.’ तिच्या दृष्टीने मोठी सुधारणा ही होती. मुलाचं दहावीचं वर्ष होतं, तो आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून अभ्यासाला बसू लागला.

आमच्या मजल्यावर अण्णांच्याच शेडमधले एक काका राहतात, पद्मानगरहून आमच्याकडे राहायला आलेले, घरी तेलुगू बोलणारे. त्यांच्या जावयाने मोठ्या हौसेने त्यांना वूफरवाला सेट आणून दिला होता. वूफर जमिनीवर, कोपऱ्यात. कोपऱ्यात ठेवला की घुमारा आणखी वाढतो, आणि तो खालच्या मजल्यावरच्यांना फुकट ऐकायला मिळतो. शिवाय जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, हे मागवाल्याइतकं कोणाला ठाऊक! वूफर काढून ठेवायला त्यांना पटवणं कठीण गेलं, कारण जावयाला काय सांगायचं हा प्रश्न होता. शेवटी तो गणपतीत आरतीला लावायचा असं ठरलं.

त्यांच्या टीव्हीला हेडफोनचं भोकही नव्हतं, हल्ली बऱ्याच टीव्हींना नसतं. मागे चौकोनी ऑप्टिकलचं तोंड होतं. त्याला लावायचा एक छोटा कन्व्हर्टर मिळतो, काडेपेटीहून थोडा मोठा. लावला तर आवाजच नाही. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाजाच्या जागी ‘पीसीएम’ निवडायचं असतं. ते केलं आणि चालू झालं. यात एक गैरसोय राहते, ऑप्टिकलचा आवाज बहुधा टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही. काका आता हात लांब करून स्पीकरचंच बटण फिरवतात. त्यांची काही तक्रार नाही, स्पीकर हाताशीच आहे.

आमच्याकडे दुपारी टीव्ही बंद असतो तेव्हा तीच पिन मोबाइलला लागते. अण्णा आकाशवाणी लावतात, कधी नाट्यसंगीत. या स्पीकरांत तबल्याचा डग्गा नाहीच म्हणायचा, आणि तंबोऱ्याचा भराव कागदासारखा पातळ. गाण्यासाठी म्हणून कोणी विचारलं तर मी ही जोडी घ्या म्हणणार नाही. त्याला दोन-तीन हजार घालून थोडी मोठी, विजेवर चालणारी लाकडी जोडी घ्यावी. पण शब्द मात्र सगळे लागतात, आणि नाट्यपदात अण्णांना हवे असतात ते शब्दच.

एक गोष्ट स्पीकरने होत नाही. त्यांच्या कानांचा जो भाग गेला, तो गेलाच. खुर्चीवरून उठून ते स्वयंपाकघरात आले की पुन्हा सात, साठ आणि आठ एकच. मग आम्ही कानांची तपासणी करून घेतली. कागदावरची रेघ सुरुवातीला सपाट चालते आणि 4000 पाशी एकदम खड्ड्यात उतरते, दोन्ही कानांची सारखीच. डॉक्टरांनी न विचारता सांगितलं, ‘मागावर होते ना?’ आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, भरपाईच्या कायद्यातही आहे. पण एकाच पत्र्याखाली तीन सेठांच्या तीन पाट्या लावून प्रत्येकाकडे दहापेक्षा कमी माणसं दाखवायची, आणि हजेरीवर जॉबरचं नावच नाही, अशा ठिकाणी तो कायदा कोणाला लावणार? अण्णांकडे गिरणीचं ओळखपत्र आहे. भिवंडीतल्या वर्षांचा एकही कागद नाही. कानातलं यंत्र घ्यायला ते अजून तयार नाहीत.

तेव्हा घरात टीव्हीचा आकडा वरवर चढत असेल तर आधी म्हाताऱ्या माणसाचे कान तपासून घ्या. मग टीव्हीच्या मागे हात घालून हेडफोनचं भोक आहे का ते बघा. असलं तर हजार-बाराशे रुपयांत काम होतं, फक्त स्पीकर टीव्हीजवळ ठेवू नका, ऐकणाऱ्याजवळ ठेवा. आणि माग चालवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याला कानात घालायची बोंडं आजच नेऊन द्या. ती दहा-वीस रुपयांना मिळतात.