शाळूची भाकरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू पेरतात ती पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे पाणी मिळालं नाही तरी मातीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते, ऐन थंडीत हुरड्याला येते आणि फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला. त्या भागातल्या पांढऱ्या, टपोऱ्या मालदांडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आमच्या घरी ती कडुनिंबाचा पाला घालून वर्षभरासाठी साठवलेली असायची. माझं आजवरचं आयुष्य या एका धान्याच्या भाकरीभोवती मांडता येईल. ती ताटात कधी होती, कधी नव्हती आणि नव्हती तेव्हा जिवाचं काय झालं, एवढीच ही हकिकत.

आजी एका वेळी थोडंच दळण आणायला लावायची. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा चिरतात. काटवटीत पिठाचं आळं करून ती त्यात कढत पाणी ओतायची आणि तळहाताच्या टाचेने पीठ रगडून रगडून मळायची. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर पडली की ओला हात तिच्यावरून फिरायचा. ते पाणी पुरतं सुकायच्या आत ती उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांच्या धगीला उभी राहायची. पापुद्रा सुटून ती टम्म फुगायची. सोबत पालेभाजीचं कोरड्यास, शेंगांची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. किती खायचं हे कोणी कोणाला सांगत नसे. मी खेळाच्या नादात लवकर उठायला लागले की आजी म्हणायची, "अर्ध्या भाकरीवर उठू नगं गं पोरी, राती भूक झोपू द्यायची न्हाई."

शिकायला पुण्यात आले आणि भाकरी सुटली. मेसच्या डब्यात पोळी होती, सकाळी वडापाव होता, रात्री जागताना बिस्किटं होती. अंग भरलं. तोवर माझ्या अंगाविषयी कोणी बोललं नव्हतं. आता सुट्टीत घरी गेलं की बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. लग्न ठरलं तेव्हा तर मापाला दिलेल्या ब्लाऊजवरून घरात चर्चा झाली. पहिलं डाएट तेव्हाचं. आठवडाभराचा तक्ता होता: एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, मध्ये कोबीचं सूप. वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि लग्नानंतर काही महिन्यांतच ते व्याजासकट परत आलं.

पुढची कित्येक वर्षं हेच चाललं. बाळंतपणानंतर एक, नोकरीत बढती मिळाली तेव्हा एक, भावाच्या लग्नाआधी एक. कधी रात्रीचं जेवण बंद, कधी तेल-तूप बंद, कधी कीटो. तक्ते बदलत होते, भाकरी मात्र प्रत्येक तक्त्यात वर्ज्यच. सोमवारी सुरुवात, काही आठवडे काटेकोर, मग एखादं लग्न, एखादं आजारपण, एखादा फार थकवणारा दिवस, आणि बांध फुटायचा. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. त्या दिवसांत मी रात्री अंथरुणात पडून पाककृतींचे कार्यक्रम बघत असे, एकामागून एक. पोटात कोशिंबीर आणि डोळ्यांपुढे पुरणपोळी. आपल्याला मनोनिग्रह नाही, हा निष्कर्ष माझ्या वतीने इतरांनी काढून ठेवला होता.

या निष्कर्षाला उत्तर मिळालं ते एका जुन्या प्रयोगाच्या वाचनातून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना स्वखुशीने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे समजून घ्यायचं होतं. सहा महिने त्यांना रोज सुमारे 1600 कॅलरी मिळत होत्या. आजचे कित्येक तक्ते याहून कमी देतात. त्या तरुणांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटलं. पण त्यांच्या मनात दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातला घास पुरवून पुरवून खाऊ लागले, चिडचिडे आणि उदास झाले. बंधन उठल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. हे सगळे धडधाकट आणि निश्चयाचे लोक होते. माझ्या अंथरुणातले ते कार्यक्रम मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळले. उपाशी शरीर जे करतं तेच माझं शरीर करत होतं.

पुढे 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झपाट्याने वजन उतरवलेल्या माणसांची वर्षभराने पुन्हा तपासणी केली. भूक चाळवणारं संप्रेरक तेव्हाही चढलेलं होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं उतरलेली. शरीराला दुष्काळ आणि डाएट यांतला फरक कळत नाही. दुष्काळ पाहिलेलं घर पुढच्या सुगीत कणगी आधी भरून घेतं, तसंच तेही करतं.

दुसरी गोष्ट आमच्या पुण्याचीच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या लोकांत सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी दडलेली असते, हे त्यातून ढळढळीत दिसलं. याचा अर्थ काट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही. कंबरेचा घेर, रक्तातली साखर, जिना चढतानाचा दम, झोप, हेही विचारावं लागतं.

मी तक्ते थांबवले आणि भाकरी परत आणली. आजीचं ताट मात्र जसंच्या तसं आणलं नाही, आणि हे मला नीट सांगायचं आहे. आजी दिवसभर खुरपायची, काढायची, पाणी वाहायची. मी आठ-नऊ तास खुर्चीत बसते. ज्वारी गुणी आहे म्हणून ती कितीही खावी असं नाही, तिनेही साखर वाढते. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि दुकानांत ज्वारीची बिस्किटंही आली. त्या बिस्किटांतली साखर आणि तेल ज्वारीच्या नावाने कमी होत नाही. आपल्या ताटात एरवीच धान्य फार आणि डाळ-भाजी थोडी असते. म्हणून माझ्या ताटात एक भाकरी, तिच्याहून जास्त भाजी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि दही असतं. जेवणाची वेळ शक्यतो ठरलेली. सकाळी पोटभर न्याहारी, कारण ती चुकली की संध्याकाळी मी फरसाणाच्या डब्यापाशी उभी असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. होळीला पुरणपोळी तुपासकट खाते आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घेत नाही. रोजचं जेवण जेवते.

बदल एकेक करून केले. आधी नुसती उसळ वाढवली. ती अंगवळणी पडल्यावर जेवणानंतरची शतपावली. मग रात्रीचं जेवण थोडं अलीकडे. वजन हळूहळू, थोडंसंच उतरलं आणि बरीच वर्षं तिथेच आहे. ज्यांना मधुमेह किंवा दुसरा आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ताट ठरवावं. पण तो सल्लाही रोज पाळता येईल असाच मागून घ्यावा.

आता लेक वयात येते आहे. तिच्या वर्गातल्या मुली डबा अर्धा परत आणतात, हे ती सांगते. आमच्या घरात जेवताना कोणाच्या जाडीविषयी बोलायचं नाही, असा नियम आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू आहे.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवा तक्ता हातात आला की त्याला एक प्रश्न विचारा: मी आजारी असेन, दमलेली असेन, घरात कार्य असेल, तेव्हाही हे जमेल का? पाच वर्षांनी जमेल का? उत्तर नाही असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा आणि तुमच्या घरात शिजतं त्याच अन्नाचं ताट नीट वाढायला घ्या. आणि भरल्या ताटावर बसलेल्या मुलीला तिच्या वजनाविषयी काही बोलू नका.