पैनगंगेचे उसने पाणी

यवतमाळहून दक्षिणेस निघालेला नागपूर–तुळजापूर महामार्ग आर्णीजवळ अरुणावती ओलांडतो, महागावच्या बाजूस पूस नदीला भेटतो आणि उमरखेड मागे टाकल्यावर पैनगंगेच्या पुलावर जिल्ह्याचा निरोप घेतो. अरुणावती आणि पूस या दोन्ही नद्या अखेर पैनगंगेलाच मिळतात. नदीच्या उताराने पूर्वेकडे गेल्यास यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंडाचा धबधबा लागतो. पावसाळ्यात काळ्या कातळावरून कोसळणारे पाणी पाहण्यासाठी दोन्ही काठांवर गर्दी होते. उन्हाळ्यात धार क्षीण होते आणि पात्रात डोह तेवढे उरतात.

नदीची खरी परीक्षा याच दिवसांत असते. पावसाळी पुरात गावाची नाली विरून जाते. आटलेल्या डोहात तीच नाली साचून राहते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. घाण अधिक झाली की प्राणवायू संपतो, मासे तडफडतात, पाण्याला दुर्गंधी सुटते. खालच्या गावाची गुरे मात्र त्याच डोहावर येतात.

हिशेब साधा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले. वापरलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होतो, असे अभियंते मानतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावातून दररोज ४४ हजार लिटर पाणी बाहेर पडते. नळ घरात आला, पण त्या पाण्याच्या परतीची वाट अनेक ठिकाणी आखलेलीच नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते.

छोट्या वस्तीचे शुद्धीकरण केंद्र नदीचेच काम थोड्या जागेत करते. प्रथम जाळीवर कचरा अडतो, मग संथ टाकीत वाळू आणि गाळ खाली बसतो. पुढच्या टाकीत हवा सोडली जाते, म्हणजे जिवाणूंना घाण संपविण्यास पुरेसा प्राणवायू मिळतो. अखेरीस निवळलेले पाणी शेताला अथवा ओढ्याला दिले जाते. जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे उथळ तलावांची साखळी ऊन आणि शेवाळ यांच्या साहाय्याने हेच काम सावकाश करते.

याहून साधा धडा पैनगंगेच्या पलीकडे आहे. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये छिद्रांची सिमेंटची टाकी, भोवती दगड. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी त्यात मुरते. उघड्या नाल्या नाहीशा झाल्या, डास घटले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ही रीत राज्यभर पोहोचली. यवतमाळच्या चिकण काळ्या मातीत पाणी हळू मुरते, त्यामुळे जागा पारखूनच खड्डा घ्यावा लागतो. विहिरीपासून अंतर राखावे लागते आणि शौचालयाचे पाणी त्यात कधीही सोडायचे नसते.

खड्डा असो वा केंद्र, बांधणे सोपे, सांभाळणे कठीण. गाळ वेळेवर काढला नाही, तर खड्डा तुंबतो आणि नाली पुन्हा नदीची वाट धरते. म्हणून ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात बांधकामाच्या रकमेखाली देखभालीची रक्कमही लिहिलेली असावी लागते.

शेजाऱ्याकडून उसने आणलेले धान्य निवडून, पाखडून, भरल्या मापाने परत करण्याची आपली रीत आहे. पैनगंगेचे पाणीही उसनेच आहे. सहस्रकुंडाच्या खाली ते वर्धेला, तेथून प्राणहितेला आणि पुढे गोदावरीला जाते. वाटेतील प्रत्येक गाव त्याच्या परतफेडीची वाट पाहत असते.