दुर्गाघाटावरचा बूस्टर

एका पिढीच्या घरात ज्यांना मानाची जागा होती आणि पुढच्या पिढीला ज्यांचे नावही सांगून समजावे लागते, अशा वस्तूंमध्ये दूरदर्शन संचाच्या बूस्टरची गणना करावी लागेल. गच्चीवरच्या अँटेनाने पकडलेली दुबळी लहर वाढवून ती संचापर्यंत पोचवणे, एवढेच या लहानशा डबीचे काम. चित्र नीट असले की तिची आठवण कुणालाच होत नसे. ते बिघडले म्हणजे मात्र सारे घर तिच्यावर रुष्ट होई. तथापि वाढवणे म्हणजे काय आणि वाढवून काय मिळते, या प्रश्नाचे जितके स्वच्छ उत्तर या उपेक्षित वस्तूपाशी आहे, तितके ते मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच सापडते. काशीच्या दुर्गाघाटासारख्या ठिकाणी तर त्या उत्तराला आणखी एक अर्थ येऊन मिळतो.

दुर्गाघाट हा पंचगंगा आणि ब्रह्मा या दोन घाटांच्या मधला. पेशव्यांना वंदनीय असलेल्या नारायण दीक्षितांचे नाव या भागातल्या घाटांच्या बांधणीशी निगडित आहे. नाना फडणवीसांचा वाडा येथलाच, आणि ब्रह्मचारिणी दुर्गेचे स्थानही येथेच. अठराव्या शतकापासून वेदाध्ययनासाठी, पौरोहित्यासाठी किंवा केवळ काशीवासासाठी आलेली मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. नदीपासून पायऱ्या चढत जाव्यात तसतशी घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. गल्ल्या इतक्या अरुंद की भर दुपारी ऊन जमिनीला टेकत नाही. उन्हाची जी कथा तीच दूरदर्शनच्या लहरींची. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि आडव्या आलेल्या दगडी भिंतीपुढे क्षीण होतात. त्यामुळे उतरणीवरचे खालचे घर वरच्या घराच्या सावलीत सापडे, आणि एका गच्चीवर स्पष्ट दिसणारा निवेदक शेजारच्या गच्चीखाली ओळखूही येत नसे.

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि लखनौ केंद्र १९७५ मध्ये. पण या माध्यमाचा खरा विस्तार झाला तो इन्सॅट-१ बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेल्यानंतर. उपग्रहावरून येणारा राष्ट्रीय कार्यक्रम गावोगावच्या लहान केंद्रांनी झेलावा आणि आसपासच्या काही कोसांत पसरावा, अशी ती योजना होती. १९८४ मध्ये अशी केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, आणि रविवारची सकाळ ही अँटेनाच्या परीक्षेची वेळ ठरली.

त्या काळची गच्ची डोळ्यांपुढे आणावी. अॅल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचा तो सांगाडा म्हणजे १९२६ मध्ये जपानमधील सेंदाई येथे उदा आणि यागी या दोन संशोधकांनी जगापुढे मांडलेली रचना. ज्या दिशेला तिचे तोंड, त्या दिशेचे ती अधिक ऐके. ते तोंड नेमके कुठे असावे हे ठरवण्यासाठी घरातला धाकटा वर चढे, मधल्या जिन्यात एक निरोप्या उभा राही आणि संचापुढे आजोबा बसत. “आलं का, आजोबा?” “आलं, आलं... अरे, गेलं! होतं तसंच धर!” हा संवाद पुण्यातही होत असे आणि नागपुरातही, पण दुर्गाघाटावर त्यात वानरे सामील होत. काशीच्या गच्च्यांवर त्यांचे राज्य माणसांहून जुने. मोठ्या कष्टाने साधलेला कोन एखादे वानर एका झोक्यात फिरवून टाकी, आणि पडद्यावर पुन्हा मुंग्या पसरत. त्या थरथरत्या ठिपक्यांना मुंग्या हा शब्द मराठी घरांनी दिला. वारुळ फुटावे तसा तो पडदा दिसे; दुसऱ्या कोणत्याही शब्दाने ते दृश्य इतके नेमके सांगता आले नसते.

या मुंग्यांवर उपाय म्हणून बूस्टर आला. त्याच्या कामाविषयी मात्र लोकांची समजूत बरीच भाबडी होती. बूस्टर लावला की चित्र निर्मळ होणार, असे गृहीत धरले जाई. वस्तुस्थिती अशी की बूस्टर निवड करीत नाही. तो केवळ वाढवतो. वीस डेसिबलचा बूस्टर आपल्या मुखाशी आलेल्या लहरीची शक्ती शंभरपट करतो. पण त्या लहरीत मिसळलेली खरखरही तो शंभरपटच करतो, आणि वर स्वतःच्या अंगची थोडी खरखर तिच्यात घालतो. म्हणून तो कुठे बसवावा या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आहे. पुष्कळ घरांत तो सोयीसाठी संचाशेजारी ठेवला जाई. तोवर गच्चीवरून तीन मजले उतरलेल्या तारेत मुळातली दुबळी लहर आणखी विरलेली असे, आणि मग बूस्टर मुख्यतः मुंग्याच वाढवी. जाणता कारागीर तो वर, अँटेनाच्या खांबालाच बांधी, आणि त्याला लागणारी वीज त्याच तारेतून वर पाठवी. लहर वाटेत विरण्याआधी वाढली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. साखळीतला पहिला टप्पा जितका निर्मळ, तितकी पुढची सारी साखळी निर्मळ; हे गणित हॅरल्ड फ्रिस या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये मांडले होते. पहिल्या टप्प्यात जे हरवले ते पुढे कितीही वाढवले तरी परत मिळत नाही.

बूस्टरची दुसरी मर्यादा दुहेरी चित्राची. जवळच्या उंच भिंतीवर आपटून तीच लहर क्षणभर उशिरा पोचली की मूळ आकृतीच्या उजव्या अंगाला तिची फिकट सावली उमटे. बूस्टर त्या सावलीलाही तितक्याच निष्ठेने बळ देई. तेथे उपाय एकच: अँटेनाची दिशा किंवा जागा बदलणे. आणि लहर मुळात सशक्त असेल तर बूस्टर काढून टाकणेच बरे. कारण अतिरेकाने चित्र उजळत नाही, फाटते.

दुर्गाघाटावरच्या मराठी घराला या मर्यादांपलीकडची एक मर्यादा भोगावी लागली. मुंबई दूरदर्शनचे ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’ किंवा ‘आमची माती, आमची माणसं’ यांची वर्णने महाराष्ट्रातल्या आप्तांच्या तोंडून त्या घरापर्यंत पोचत. पण मुंबईचा मनोरा हजार किलोमीटरहून अधिक दूर, आणि अशा मनोऱ्याची लहर साधारणपणे शंभर किलोमीटरच्या आसपास संपते. मुंबईत प्रक्षेपण थांबले की पडद्यावर ‘व्यत्यय’ हा शब्द येई. काशीत ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी येई. क्षमायाचनादेखील दुसऱ्या भाषेत ऐकावी लागणे, यात परप्रांतवासाचे सारे सार आले. उत्तम बूस्टर आणावा, खांब दुप्पट उंच करावा, तरीही जी लहर त्या आकाशात नाहीच ती कोठून वाढणार? शून्याला शंभराने गुणले तरी हाती शून्यच येते.

येथे भाषेचा विचार अपरिहार्य होतो. काशी ही मराठीची केवळ ग्राहक नव्हती. एकनाथांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती १५७३ मध्ये याच वाराणसीत केली. म्हणजे एकेकाळी येथून निघालेली मराठी महाराष्ट्राने ग्रहण केली होती. पुढे घाटावरच्या कुटुंबांनी ती दोन-अडीचशे वर्षे टिकवली, ती कोणत्याही वर्धकाच्या आधाराने नव्हे. स्वयंपाकघर, देवघर, पत्रव्यवहार आणि मुलांना हाक मारण्याची रीत हा तिचा पहिला टप्पा होता, आणि तो उगमाशी बांधलेला होता. अलीकडे भाषा जगवण्याची काळजी उत्सवावर, ध्वनिक्षेपकावर आणि व्यासपीठावर सोपवण्याकडे कल दिसतो. उत्सव हवेतच, पण ते संचाशेजारी ठेवलेल्या बूस्टरसारखे आहेत. घरातल्या बोलण्यात जे विरून गेले, ते मंडपात कितीही मोठ्याने उच्चारले तरी भरून येत नाही.

मात्र या दृष्टान्ताला फार ताणू नये. काशीकरांच्या मराठीत मिसळलेली हिंदी आणि भोजपुरी म्हणजे मुंग्या, असे कुणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. खरखरीला अर्थ नसतो. शेजाऱ्याच्या भाषेला तो असतो. १८८३ मध्ये काशीतच मराठी कुटुंबात जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी ‘आज’ या दैनिकाच्या द्वारा हिंदी पत्रकारितेला जे वळण दिले, ते पाहिले म्हणजे दोन लहरी एका घरात सुखाने नांदू शकतात याची खात्री पटते. चिंता दुसऱ्या लहरीच्या येण्याची नाही. पहिली थांबण्याची आहे.

१९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी सुरू झाली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तिच्या मागोमाग खाजगी वाहिन्या आल्या. २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक जुनी भूप्रक्षेपण केंद्रे बंद झाली, आणि गच्चीवरच्या कांड्यांची जागा दक्षिणेच्या आकाशाकडे तोंड केलेल्या तबकड्यांनी घेतली. तबकडीच्या मुखाशी जी लहानशी डबी असते, तिच्यातला पहिला भाग म्हणजे अत्यंत कमी खरखरीचा वर्धकच होय. जाणत्या कारागिराचे म्हणणे अखेर यंत्राच्या रचनेतच रुजले. आता दुर्गाघाटावर मुंबईची मराठी पुण्याइतकीच स्वच्छ दिसते. मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. परंतु संच हा केवळ ऐकणारा आहे, बोलणारा नव्हे. त्याच्या पडद्यावरून आलेल्या मराठी वाक्याला घरातल्या नातवाने मराठीत काही उत्तर दिले, त्यावर आजीने त्याचा एखादा शब्द सुधारला, तरच त्या वाडीतला प्रक्षेपक चालू आहे असे म्हणता येईल. ही सोय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि ती वरच्या खांबालाही बांधता येत नाही.