अर्ध्या मिलिमीटरचा धडा

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी चार आठवड्यांच्या इनप्लांट ट्रेनिंगसाठी एका कारखान्यात दाखल झालो. फोरमनसाहेबांनी मला लेथवरच्या काकांच्या हवाली केलं. काकांची तीस वर्षं लेथवर गेलेली, शिक्षण आय.टी.आय. माझ्या डोक्यात मात्र डिस्टिंक्शनची हवा! तिसऱ्याच दिवशी ती उतरली.

२० मि.मी. व्यासाचा शाफ्ट करायचा होता. शेवटच्या कटाआधी काका म्हणाले, "बघ रे, किती आहे." मी मायक्रोमीटर लावला आणि ऐटीत सांगितलं, "२०.९८." "मग घे तूच कट." घेतला. पुन्हा मोजलं तर १९.५०! खरं माप २०.४८ होतं. जॉब भंगारात.

आता काका फाडून खाणार, असं वाटलं. त्यांनी जॉबवर खडूने फुली मारली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी एक नवा अप्रेंटिस आला. काका मला म्हणाले, "याला मायक्रोमीटर तू शिकव."

"काका, मी? कालच तर..."

"म्हणूनच."

मी सुरुवात केली. थिंबलवर ५० भाग, एका फेऱ्यात अर्धा मि.मी., म्हणून लीस्ट काउंट ०.०१. सगळं पाठ होतं. तेवढ्यात पोराने विचारलं, "पण दादा, अर्ध्याची रेघ थोडी दिसतेय. धरायची का नाही?" मी गप्प! काल मी हीच रेघ धरली होती. मग थिंबल हळूहळू फिरवून दोघांनी पाहिलं. थिंबल ४८ वर आहे, म्हणजे फेरा अजून पुरा झालेला नाही. मग रेघ डोकावली तरी ती धरायची कशी? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी ही आकृती दोनदा काढली होती, पण कळली त्या दिवशी.

शेजारच्या मशीनवरचे एक ऑपरेटर काकांना चिडवायचे, "शिकवा, शिकवा! उद्या हाच साहेब होऊन तुमच्या डोक्यावर बसेल." एकदा चहाच्या सुट्टीत मी काकांना याबद्दल विचारलंच. ते म्हणाले, "माझे उस्ताद सेटिंग करताना मला चहा आणायला पाठवायचे. मी परत येईपर्यंत सेटिंग झालेलं असायचं. मीपण पुढे तेच केलं. मग पोरीच्या लग्नात हळदीच्या दिवशी कंपनीतून बोलावणं आलं, मशीन अडलंय म्हणून. गेलो. तेव्हा कळलं, लपवलेल्या विद्येने मलाच बांधून ठेवलंय."

परत आल्यावर लायब्ररीत वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची भरती झाली, तेव्हा १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा उपक्रम चालला. शिकवण्याच्या पायऱ्या चारच : माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर ही पद्धत जपानलाही गेली. आमच्या काकांनी यातलं काहीही न वाचता तेच केलं होतं!

पण मला खरी टोचणी लागली ती हॉस्टेलवर. एम-थ्रीच्या आदल्या रात्री रूम पार्टनरने लाप्लासचं एक गणित विचारलं होतं. "झोप आलीय यार," म्हणून मी पांघरूण ओढलं. झोप कसली? याला माझ्यापेक्षा जास्त पडले तर, ही भीती. त्याचा विषय राहिला. माझा सुटला.

या सेमिस्टरला मीच त्याच्यासमोर वही घेऊन बसलो. आधी तो म्हणाला, "आता कशी आठवण आली?" मी त्या रात्रीचं खरं कारण सांगून टाकलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "चल, पहिलं गणित घे." दुसऱ्याच पायरीला त्याने विचारलं, "ही सुरुवातीची किंमत इथेच का टाकायची?" पुन्हा मी गप्प! साठच्या वर मार्क मिळाले होते, उत्तर मात्र येत नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं.

त्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण मित्रांनो, उद्या आपण कुठल्या ना कुठल्या कंपनीत जाऊ. तिथे शेजारी कोणीतरी नवखा असेल, कधी आपणच नवखे असू. तेव्हा त्याला चहा आणायला पाठवू नका. समोर बसवा. आपली अर्ध्या मिलिमीटरची चूक बहुधा तोच दाखवून देईल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी