शिक्षक कुठे घडतो?

आधी शिकावे आणि मग शिकवावे, की शिकवता शिकवता शिकावे, हा वाद जुनाच आहे. विद्यापीठाचा पुरस्कर्ता म्हणतो, बालमानसशास्त्र व अध्यापनपद्धती यांचा पाया नसताना वर्गात पाऊल ठेवणे म्हणजे मुलांवर प्रयोग करणे होय. शाळेत हयात घालवलेले गुरुजी म्हणतात, पुराणातली वांगी पुराणात. फळ्यासमोर उभे राहिल्याखेरीज शिक्षक होता येत नाही. धर्मगुरूच्या दारी मात्र हा वाद तात्त्विक स्वरूपात येत नाही. तो एखाद्या कुटुंबाची काळजी होऊन येतो.

पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना माथ्यावरचा सरसगड दिसतो. डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्या सहसा दिसत नाहीत. अशाच एका वाडीवरील मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. घराण्यातील ती पहिलीच. तिला शिक्षिका व्हायचे आहे. वडिलांनी मला विचारले, "फादर, पोरीनं दोन वर्षांचं डी.एल.एड. करावं, की कॉलेज करून मग बी.एड.?"

प्रश्न साधा, पण त्यामागचा हिशेब कठीण होता. पदवीची तीन वर्षे आणि २०१५ पासून दोन वर्षांचे झालेले बी.एड., अशी पाच वर्षे मोलमजुरी करणाऱ्या घराने कशी काढावीत? शिवाय ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही. म्हणजे लहान मुलांना शिकवायचे, तर डी.एल.एड.ची वाटच सरळ. उलट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे योजले आहे. आज जवळची वाटणारी वाट उद्या अरुंद होईल, ही भीती खोटी नाही.

नियम पाहिले तर दोन्ही वाटा शाळेतूनच जातात. २०१४ च्या नियमावलीने बी.एड.च्या विद्यार्थ्यासाठी किमान वीस आठवडे शाळेतील अनुभव आवश्यक ठरवला. पण कागदावरचे आठवडे आणि वर्गातले आठवडे एकच असतात का? महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यातूनच २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ च्या अहवालात आयोगाने शिक्षक-शिक्षण उच्च शिक्षणाच्या कक्षेत आणावे असे सुचवले, आणि त्याचबरोबर प्रत्येक अध्यापक विद्यालयाला प्रयोगशाळा म्हणून स्वतःची शाळा जोडलेली असावी असेही सांगितले. एकाच अहवालाला दोन्ही गोष्टी हव्याशा वाटल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याच मातीत याचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि मुलांच्या सहवासात नव्याने शिकल्या. १९४५ साली अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची ही कल्पना कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेली नव्हती. पण बालशिक्षणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास नसता, तर अंगणातल्या खेळाला शिक्षणाचे रूप देता आले असते का?

आम्हा धर्मगुरूंचाही हाच इतिहास आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सेमिनरी स्थापण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी बहुतेक उमेदवार एखाद्या धर्मगुरूच्या हाताखाली राहूनच शिकत. गुरू चांगला असला तर शिष्य तरे. नसला तर अज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चाले. म्हणून सेमिनरी आवश्यक होती. तरीही सेमिनरीच्या अभ्यासाच्या मध्यंतरी मला एका वर्षासाठी शाळेत पाठवले गेले, तेव्हा एक वयस्क शिक्षक शेवटच्या बाकावर बसून माझा तास ऐकत आणि संध्याकाळी व्हरांड्यात त्यावर बोलत. कोणता मुलगा प्रश्न समजला नसताना मान हलवत होता, हे ते मला नावानिशी सांगत. तसे पाहायला मला तोवर कोणी शिकवले नव्हते.

म्हणून त्या वडिलांना मी म्हणालो, आधी डी.एल.एड.च करू द्या. नोकरी लागली की मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येईल. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी विद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा. तिला कोणत्या शाळेत पाठवणार? किती आठवडे? आणि तिचा तास फसेल त्या दिवशी शेवटच्या बाकावर कोण बसलेले असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिथे नीट मिळेल, ते विद्यालय निवडा, मग ते थोडे दूर असले तरी चालेल.

मुलीकडे वळून मी एवढेच सांगितले, "बाळ, वाडीतल्या पोरांची बोली तुला येते. ती कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. तिथे जाऊन ती विसरू नकोस."